हिरवळीचा फोटो, खेळाचा फोटो

चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागले, की पूर्वी आधी डोंगर दिसत. आता आधी फलक दिसतात. बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावे येतात आणि जातात. फलक मात्र संपत नाहीत. सदनिका, बंगले, सुटीतले दुसरे घर, निसर्गाच्या कुशीतले प्लॉट. या फलकांवर अधूनमधून एक ठराविक चित्र भेटते. पोपटी हिरवळ, तिच्यावर पांढऱ्या विजारीतला एक प्रसन्न गृहस्थ, हातात गोल्फची काठी आणि मागे धुतल्यासारखे निळे आकाश. चेंडू कुठे आहे, हे त्या चित्रात सहसा कळत नाही, आणि तो शोधावा असेही कुणाला वाटत नाही. कारण ते चित्र खेळाचे नसतेच. ते हिरवळीचे असते, आणि हिरवळ विकायला काढलेली असते.

गोल्फचे दुसरे चित्र आपल्याला वर्तमानपत्रात भेटते. स्पर्धा झालेली असते, बक्षीस समारंभ चालू असतो. मधोमध चषक, त्याच्या डाव्या-उजव्या हाताला कोट घातलेली मंडळी, आणि कडेला संकोचून उभा असलेला एक तरुण. खाली लिहिलेल्या नावांवरून आपण ताडायचे, की तो कडेचा तरुण म्हणजे विजेता. तो खेळला कसा, चेंडू कुठे अडकला होता, शेवटच्या होलवर त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते की नाही, यातले त्या फोटोत काहीच नसते. समारंभाला फोटोग्राफर होता, खेळाला नव्हता.

क्रिकेट, कबड्डी, कुस्ती, खो-खो या खेळांच्या बाबतीत आपण असे कधी चालवून घेतले नसते. कबड्डीच्या बातमीबरोबर फक्त चषकाचा फोटो आला, तर वाचक दुसऱ्या दिवशी संपादकांना पत्र लिहील. गोल्फच्या बाबतीत कुणी लिहीत नाही, कारण गोल्फ हा खेळ आहे हेच मुळात आपल्याला पुरतेसे पटलेले नाही. ती श्रीमंतांची सकाळची शतपावली आहे, फार तर व्यवहार जमवण्याची जागा आहे, असा आपला समज. हा समज दृढ करण्यात फोटोंचा वाटा फार मोठा आहे, असे मला वाटते. जो खेळ आपण खेळ म्हणून कधी पाहिलाच नाही, तो आपल्याला खेळ कसा वाटणार?

मुळशी तालुक्यात बसून हा प्रश्न विचारायला एक खास कारण आहे. याच तालुक्यात दोन खेळ एकमेकांपासून काही कोसांवर नांदतात. भूगावला डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीचे मैदान झाले आणि अभिजित कटके याने किरण भगतला हरवून गदा जिंकली. त्याच भूगावपासून जवळ, लवळे-बावधनच्या डोंगरउतारावर ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचे अठरा होलचे मैदान आहे. एकीकडे लाल माती, दुसरीकडे हिरवे गवत. दोन्हीकडे माणसे घाम गाळतात. पण फोटोत घाम दिसतो तो एकाच ठिकाणी.

यात फोटोग्राफरची लबाडी आहे असे नव्हे. कुस्ती फोटोला सोयीची आहे. दोन पैलवान एकमेकांना भिडलेले, दोघांचे चेहरे, दोघांची ताकद, कोण वर आणि कोण खाली, सगळे एका चौकटीत मावते. कारण आणि परिणाम हातभर अंतरावर असतात. क्रिकेटमध्ये उडालेली यष्टी आणि फलंदाजाचा पडलेला चेहरा एकाच फोटोत सापडतो. गोल्फमध्ये तसे होत नाही. ज्याने चेंडू मारला तो इथे, आणि चेंडू अडीचशे मीटर पलीकडे. त्या चेंडूचा व्यास जेमतेम ४३ मिलिमीटर, वजन ४६ ग्रॅमच्या आत. म्हणजे आपल्या मोठ्या लिंबाएवढी वस्तू पाव किलोमीटरवर जाऊन पडते आणि तिथे असलेल्या १०८ मिलिमीटरच्या भोकात ती शेवटी जायची असते. मारणाऱ्याचा चेहरा घ्यावा तर चेंडू हुकतो, चेंडू घ्यावा तर चेहरा हुकतो. प्रतिस्पर्धी तर चौकटीत नसतोच. तो कदाचित दोन होल मागे खेळत असतो. क्रिकेटचा फोटोग्राफर सीमारेषेवर स्टूल टाकून दिवस काढू शकतो. गोल्फचा फोटोग्राफर खांद्यावर जड लेन्स घेऊन चार-पाच तास चढउतार चालतो, आणि नेमका तो चौथ्या होलवर असताना मोठी गंमत अकराव्या होलवर घडते.

त्यात आणखी एक अडचण, शांततेची. चेंडू मारण्याच्या क्षणी गोल्फच्या मैदानावर देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता लागते. खेळाडूने काठी मागे नेली, की कुणी बोलायचे नाही, हलायचे नाही आणि कॅमेऱ्याचा खटका तर मुळीच दाबायचा नाही. कित्येक वर्षे फोटोग्राफरांचा नियमच होता, की चेंडूवर काठी बसल्याशिवाय बटण दाबायचे नाही. म्हणजे ज्या क्षणासाठी आलो, तोच क्षण सोडून द्यायचा. हा नियम मोडला तर काय होते, त्याचा एक किस्सा जगभर गाजला. २००२ साली कॅलिफोर्नियात टायगर वुड्स एका स्पर्धेत खेळत असताना ऐन फटक्याच्या वेळी एका प्रेक्षकाच्या कॅमेऱ्याचा खटका वाजला. वुड्सचा कॅडी स्टीव्ह विल्यम्स याने तो कॅमेरा हिसकावून सरळ शेजारच्या तळ्यात भिरकावून दिला. कॅडीचे ते वागणे मला मुळीच शोभादायक वाटत नाही. पण गोल्फमध्ये एका 'खट्' आवाजाची किंमत काय असते, ते त्यावरून समजते.

ही अडचण पुढे यंत्रानेच सोडवली. आतला आरसा नसलेले आणि आवाज न करता फोटो टिपणारे कॅमेरे आले. सोनी कंपनीने २०१७ साली आणलेला ए-९ हा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढत असे, तेही निःशब्द. गोल्फच्या फोटोग्राफरांना प्रथमच फटक्याच्या आधीपासून बटण दाबून ठेवण्याची मुभा मिळाली. याआधीच्या अनेक निःशब्द कॅमेऱ्यांत एक गंमत होती. ते चित्र वरून खाली ओळीओळीने वाचत, आणि तेवढ्या वेळात काठी पुढे सरकलेली असे. त्यामुळे फोटोत सरळ काठी केळ्यासारखी वाकलेली दिसे. आजही साध्या मोबाइलवर काढलेल्या फोटोत ती तशी दिसते. पाहणाऱ्याला वाटते, काय ही ताकद! ती ताकद नसते, यंत्राची संथ नजर असते.

आकडेमोडीची माझी जुनी सवय सुटत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. कसलेल्या खेळाडूच्या काठीचे टोक ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. सेकंदाला वीस फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन फोटोंमध्ये ते टोक अडीच मीटर पुढे निघून गेलेले असते. आणि काठी व चेंडू यांची प्रत्यक्ष गाठ पडते ती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरती. तेव्हा एवढे यंत्र हाताशी असूनही तो क्षण सापडणे हा बराचसा नशिबाचा भाग राहतो. तो क्षण हुकमी पकडायचा प्रयत्न अमेरिकेतल्या एमआयटीमधले हॅरॉल्ड एजर्टन यांनी फार पूर्वी केला होता. १९३८ साली त्यांनी डेन्समोर शूट या गोल्फपटूला अंधारात उभे केले आणि सेकंदाला शंभर वेळा लुकलुकणारा दिवा लावून त्याचा पूर्ण फटका एकाच फिल्मवर टिपला. त्या चित्रात काठीची अनेक प्रतिबिंबे मिळून मोराच्या पिसाऱ्यासारखा आकार तयार झाला आहे. डोळ्याला जे कधी दिसलेच नव्हते, ते फोटोने दाखवले.

पण खेळाचा फोटो म्हणजे केवळ वेग पकडणे नव्हे. तसे असते तर प्रयोगशाळेतले फोटो सर्वांत श्रेष्ठ ठरले असते. गोल्फमधला सर्वांत नावाजलेला फोटो नेमका उलट प्रकारचा आहे. तो १९५० सालचा. बेन होगन हा अमेरिकन खेळाडू फेब्रुवारी १९४९ मध्ये मोटारीतून जात असताना समोरून आलेल्या बसने धडक दिली. तो वाचला, पण पुन्हा नीट चालू शकेल की नाही याचीच शंका होती, मग खेळणे दूर. सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, मेरियन इथे अमेरिकन ओपन स्पर्धेत तो उतरला, पायांना पट्ट्या गुंडाळून. शेवटच्या दिवशी छत्तीस होल चालून खेळायचे होते. अगदी शेवटच्या होलवर, पाय उचलवत नसताना, बरोबरी टिकवण्यासाठी त्याला लांबचा अवघड फटका मारणे भाग होते. हाय पेस्किन नावाचा छायाचित्रकार त्याच्या मागे उभा होता. त्याने फटका पूर्ण झाल्यावर बटण दाबले.

त्या फोटोत होगनचा चेहरा नाही, पाठ आहे. चेंडू दिसत नाही. दिसतो तो पूर्ण वळलेला देह, समोर पसरत गेलेले मैदान, आणि दोन्ही बाजूंना भिंतीसारखी उभी असलेली माणसे, सगळ्यांची नजर पलीकडे लागलेली. चेंडू कुठे गेला, ते आपल्याला त्या माणसांच्या नजरेवरून कळते. होगनने बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी जादा फेरीत स्पर्धा जिंकली. आज त्या मैदानावर, जिथून तो फटका मारला गेला त्या जागी, स्मरणफलक बसवलेला आहे. एका फोटोने गवताच्या एका तुकड्याला तीर्थ केले.

हा फोटो मी पुस्तकात अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी एक गोष्ट जाणवते. पेस्किनने चेहऱ्याचा मोह सोडला म्हणून त्याला जमीन मिळाली. आणि गोल्फमध्ये जमीन मिळणे म्हणजे अर्धा खेळ मिळणे. बाकी बहुतेक खेळांत मैदान सपाट, मोजलेले, सगळीकडे सारखे असते. रेषा आखल्या की झाले. गोल्फमध्ये मैदान हाच प्रतिस्पर्धी असतो. चढ, उतार, वाळूचा खड्डा, झाडाची फांदी, वाऱ्याची दिशा, गवताचा कल, सकाळचे दव, यांच्याशी खेळाडू झुंजत असतो. ज्या फोटोत हे दिसत नाही, तो गोल्फचा फोटोच नव्हे. आणि जाहिरातीतला फोटो नेमके हेच पुसून टाकतो. त्याला चढ नको असतो, वारा नको असतो. त्याला गालिचा हवा असतो.

फोटोग्राफीतली माणसे सांगतील, की यात उजेडाचाही भाग आहे. दुपारी बाराच्या उन्हात मैदान सपाट दिसते, कारण सावल्या पायाखाली जातात. सकाळी लवकर किंवा सूर्य कलताना तिरपा उजेड आला, की प्रत्येक उंचवट्याला सावली मिळते आणि जमिनीचे अंग दिसू लागते. मुळशीसारख्या डोंगराळ भागात तर हे फारच खरे. चैत्र-वैशाखात इथले डोंगर करपून तपकिरी होतात, घाणेरीची झुडपे तेवढी तग धरून असतात. त्यात मधोमध ओलिताखालचा हिरवा पट्टा. श्रावणात उलटे: सगळेच हिरवे, ढग उतरून मैदानावर आलेले, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. एकाच जागेची ही दोन रूपे आहेत. जाहिरातवाला श्रावणातला रंग वैशाखातल्या आकाशाला चिकटवतो. खेळाचा फोटोग्राफर मात्र हिरव्याबरोबर तपकिरीही घेईल, कारण वारा त्या तपकिरी डोंगरावरून येतो आणि चेंडू त्या वाऱ्यात वाहून जातो.

हा तपकिरी डोंगर चौकटीत आला, की त्याबरोबर इतर बऱ्याच गोष्टी येतात, आणि त्या याव्यात असे मला वाटते. मुळशीची जमीन ही नुसती देखावा म्हणून पाहण्यासारखी जमीन नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, याच तालुक्यात मावळे शेतकरी धरणाच्या विरोधात सत्याग्रहाला बसले. टाटांच्या कंपनीला मुंबईला वीज पुरवण्यासाठी मुळा-निळा नद्यांचे पाणी अडवायचे होते. सेनापती बापटांनी त्या लढ्यात स्वतःला झोकून दिले, तुरुंग भोगला. धरण झाले, पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरले आणि त्यावर वीज झाली. भाताची खाचरे आणि गावे पाण्याखाली गेली. त्या गावांतल्या घरांचे, अंगणांचे, माणसांचे फोटो आज आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यांसमोर येतात? धरणाचा जलाशय मात्र सहलीच्या प्रत्येक अल्बममध्ये आहे. पुढच्या पिढ्यांनी जमिनी पाण्याला नव्हे, तर पैशाला दिल्या. त्यानंतर शेतकऱ्याच्या घरादाराची काय वाताहत होते, ते प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने २०१८ साली सगळ्या महाराष्ट्राला दाखवले.

याचा अर्थ गोल्फचे मैदान हे खलनायक आहे, असा कुणी काढू नये. डोंगरावर इमारतींची रांग उभी राहण्यापेक्षा गवत राहिलेले बरे, असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. गवताला पाणी किती लागते आणि ते कुठून आणायचे, हे विचारणारेही आहेत, आणि त्यांचा तर हक्कच आहे. पण या दोन्ही बाजूंनी नीट बोलायचे, तर आधी ती जागा आहे तशी दिसायला हवी. गालिच्याच्या फोटोवरून ना खेळाचे मोल कळते, ना जमिनीचे.

फोटो हा पुरावा असतो, ही गोष्ट आम्हा बँकवाल्यांच्या अंगात मुरलेली. आमच्या वेळी दुभत्या जनावरासाठी कर्ज दिले, की कागदपत्रांत एक फोटो लागे. कर्जदार, शेजारी म्हैस, आणि म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला. म्हैस देखणी दिसते की नाही याच्याशी आम्हाला कर्तव्य नसे; बिल्ल्यावरचा नंबर वाचता आला पाहिजे. कर्जदार मात्र हटकून धुतलेली टोपी घालून ताठ उभा राही. असे शेकडो फोटो माझ्या टेबलावरून गेले. नोकरीच्या उत्तरार्धात माझ्या लक्षात येऊ लागले, की त्या फोटोंत एक माणूस कधीच नसतो. पहाटे उठून म्हशीचे शेण काढणारी, वैरण घालणारी, धार काढणारी घरधनीण. ती फोटो काढताना दाराआड उभी असे. कर्ज फिटत असे ते बव्हंशी तिच्या कष्टातून, पण कागदावर तिचा पुरावा नसे.

पुरावा म्हणून फोटो काय करू शकतो, याचे गोल्फमध्येच एक झकास उदाहरण आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ मोहिमेतला अंतराळवीर ॲलन शेपर्ड याने चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले. नमुने गोळा करायच्या दांड्याला त्याने काठीचे टोक बसवून नेले होते. दुसरा चेंडू कोसन् कोस गेल्याची फुशारकी त्याने तिथूनच मारली, आणि जगाने पन्नास वर्षे ती कौतुकाने ऐकली. २०२१ साली अँडी सॉन्डर्स या ब्रिटिश जाणकाराने मोहिमेतले जुने फोटो स्वच्छ करून, जोडून, मोजमाप घेतले. पहिला चेंडू गेला होता २४ यार्ड आणि दुसरा ४० यार्ड. म्हणजे आपल्या चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोष्ट मोडली, पण माझ्या मते तिची लज्जत वाढली. त्या अवजड पोशाखात, एका हाताने, तेवढा तरी मारला, हेच नवल.

त्या म्हशीच्या फोटोतल्या घरधनिणीसारखेच गोल्फमध्येही एक माणूस चौकटीबाहेर राहते. ते म्हणजे कॅडी. खेळाडूची जड पिशवी खांद्यावर घेऊन तो अठरा होल चालतो. वारा कुठून आहे, गवत कुठे कललेले आहे, कुठली काठी घ्यावी, हे त्याला पुष्कळदा खेळाडूपेक्षा चांगले माहीत असते. फोटो काढायची वेळ आली, की तो आपण होऊन दोन पावले बाजूला सरकतो. हिरवळ पहाटे कापणारे, पाणी देणारे, वाळू सारखी करणारे मजूर तर फोटोच्या वेळेला मैदानावरही नसतात. आणि तरी भारतीय गोल्फचा इतिहास पाहिला, तर तो फार मोठ्या प्रमाणात याच चौकटीबाहेरच्या माणसांनी घडवला आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर दिल्लीच्या कॅडीचा मुलगा. २००९ साली तीच स्पर्धा जिंकणारा बंगळूरचा सी. मुनियप्पा स्वतः कॅडी होता. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकणारा शिवशंकर प्रसाद चौरासिया याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळ राखत. हा क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना. एवढ्या जुन्या साहेबी वृक्षाला फळ धरले ते माळ्याच्या घरात.

'श्रीमंतांचा खेळ आहे, आम्हाला काय त्याचे,' असे म्हणणाऱ्यांना मी पुण्याचेच एक नाव सांगतो. पळवणकर बाळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा दलित तरुण पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरवायचे काम करत असे आणि सरावासाठी साहेबांना तासन् तास चेंडू टाकत असे. क्रिकेट तेव्हा साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा खेळ होता. तोच बाळू १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. खेळ कुणाचा, हे मैदानाच्या दारावरचा फलक ठरवत नाही. आत काम करणाऱ्या हातांना एक दिवस कुणीतरी खेळताना पाहावे लागते.

हे पाहणे महत्त्वाचे. पुण्याच्या किंवा मुळशीच्या कुठल्याही जुन्या तालमीत जाऊन पाहा. मारुतीच्या तसबिरीशेजारी भिंतीवर पैलवानांचे फोटो असतात, पिवळे पडलेले, कुणाला हार घातलेला. त्यांत गावचा कुणी असतो, पलीकडच्या आळीतला असतो. दहा वर्षांचे पोर जोर मारता मारता त्या भिंतीकडे पाहते, आणि हा खेळ आपला आहे, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. गोल्फ क्लबांच्या भिंतींवर कप्तानांच्या नावांच्या सोनेरी पाट्या असतात. त्या पाटीकडे पाहून कॅडीच्या पोराला काय वाटावे?

तसे आपल्याकडे दाखवण्यासारखे नाही, असेही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गोल्फमध्ये भारताकडून दोघे खेळले, आणि त्या दोघांचेही पुण्याशी नाते. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा आणि उदयन माने तर पुण्याचाच. किती घरांत हे ठाऊक आहे? मात्र त्याच ऑलिंपिकमध्ये, ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी पहाटे, आपल्या देशातली असंख्य घरे दूरदर्शन संचासमोर बसली होती. ज्यांना होल आणि बर्डी यांतला फरक माहीत नव्हता, ते अदिती अशोकसाठी देव पाण्यात घालून बसले होते. तिची पिशवी वाहत होती तिची आई. एका फटक्याने कांस्यपदक हुकले, अदिती चौथी आली. पण त्या सकाळी देशाने पहिल्यांदा गोल्फ हा खेळ म्हणून पाहिला. जिंकणे, हरणे, थरथरणारा हात, भोकाच्या कडेने निघून गेलेला चेंडू. कुणालाही तेव्हा हिरवळ आठवली नाही.

तेवढेच आपल्या जवळच्या मैदानांबाबत व्हावे, एवढे माझे म्हणणे आहे. वर्तमानपत्रांनी बक्षीस समारंभाच्या फोटोशेजारी एक तरी फोटो खेळाचा छापावा. त्यासाठी बातमीदाराबरोबर फोटोग्राफरला सकाळीच पाठवावे लागेल. चहापानाच्या वेळेला पाठवून भागणार नाही. क्लबांनी त्याला आत मोकळे फिरू द्यावे, आणि त्यानेही फटका बसेपर्यंत श्वास रोखून उभे राहावे. हौशी मुलांच्या हातांत आता चांगले कॅमेरे आले आहेत. त्यांनी सूर्योदयाला जावे, खेळाडूच्या मागे उभे राहावे, आणि कॅडीला बाजूला हो म्हणू नये. मागचा डोंगर कापून टाकू नये, मग तो करपलेला का असेना.

आणि असे दोन-चार चांगले फोटो निघाले, तर त्यांतला एक मोठा करून, काच लावून, लवळ्याच्या किंवा भुकूमच्या शाळेतल्या एखाद्या वर्गात टांगावा. फोटोत पिशवी उचललेला कॅडीही असू द्यावा. खाली नाव लिहावे, त्याचे आणि खेळाडूचे, सारख्याच अक्षरांत. मधल्या सुटीत एखादे पोर त्या फोटोसमोर उभे राहील आणि मास्तरांना विचारील, "गुरुजी, ह्यो चेंडू कुठं गेला?" हा प्रश्न त्याला पडला, की समजावे फोटो खेळाचा आहे.